फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी चाळीस दिवस

खानदेशात थंडी ओसरते, दुपारचं ऊन टोचायला लागतं, शेतातला गहू पिवळा पडतो. अशा दिवसांतल्या एका बुधवारी भुसावळ-जळगावकडची काही माणसं कपाळावर राखेचा क्रूस घेऊन चर्चमधून बाहेर पडतात आणि तशीच कामावर जातात. गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या रविवारी मिरवणुकीत धरलेल्या झावळ्या जपून ठेवलेल्या असतात, त्या जाळून ही राख करतात. ती लावताना धर्मगुरू समोरच्याला आठवण करून देतो की तू मातीचा आहेस आणि मातीलाच मिळणार आहेस. इथून ईस्टरपर्यंतचा काळ म्हणजे लेंट, उपवासकाळ.

कॅलेंडर घेऊन मोजलं तर हे दिवस 46 भरतात. तरी त्यांना चाळीसच म्हणतात, कारण मधले सहा रविवार हिशोबात धरत नाहीत. रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा वार, त्या दिवशी उपास कसला! चाळीस हा आकडा येशूने अरण्यात उपाशी काढलेल्या दिवसांचा. इ.स. 325 मध्ये निकाया इथे भरलेल्या धर्मपरिषदेच्या नियमांत या चाळीस दिवसांचा उल्लेख सापडतो, म्हणजे प्रथेला सतराशे वर्षं होऊन गेली. आणि हे सगळं चालतं चंद्रावर. 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून बहुतेक वर्षी तो हनुमान जयंतीनंतरच्या रविवारी येतो. एखाद्या वर्षी होळीनंतरच्या रविवारीही येतो. 2024 मध्ये 25 मार्चला धुळवड झाली आणि 31 मार्चला ईस्टर.

कॅथलिक शिस्तीत सक्तीचे उपास दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एकच पोटभर जेवण घ्यायचं. लेंटमधल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. बाकी ज्याने त्याने आपल्या मनाने काय ते सोडावं. कुणी चहा सोडतं, कुणी मटण, कुणी दारू, हल्ली कुणी मोबाइलवरचे व्हिडिओ. उपासाची वेगळी पंगत मात्र इथे नाही. साबुदाणा नाही, भगर नाही. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ची सोय नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

इथवर सगळं ओळखीचं वाटतं. उपास, संयम, प्रार्थना, दानधर्म. कुठल्या धर्मात नाही? चक्रावून टाकणारी गोष्ट पुढे आहे. हेच ख्रिस्ती लोक सांगतात की या चाळीस दिवसांनी तुमच्या खात्यात एक पैसाही जमा होत नाही. देवाची कृपा कमावता येत नाही. पुण्याच्या राशी घालून ती विकत घेता येत नाही, उपास करून हक्काने मागता येत नाही. ती फुकट आहे. मागणाऱ्याची लायकी बघून नव्हे, देणाऱ्याच्या मर्जीने मिळते. तंबू शिवून पोट भरणाऱ्या पौलाने पहिल्या शतकात रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात हा भेद मजुरीच्या भाषेत मांडला. त्याचं म्हणणं असं की राबणाऱ्याला जे मिळतं ते त्याचं येणं असतं, त्याला कुणी देणगी म्हणत नाही. आणि देव जे देतो ते येण्याच्या वहीत बसतच नाही.

मग उपास कशाला? दुकान फुकट वाटतंय आणि गिऱ्हाईक चाळीस दिवस रांगेत पैसे मोजत उभं, असा हा प्रकार दिसतो. या कोड्याने दोन हजार वर्षं ख्रिस्ती जगाला झोपू दिलेलं नाही.

कोड्याचं मूळ येशूच्या एका गोष्टीत आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात ती येते. मूळ गोष्ट द्राक्षमळ्याची, पण आपण ती चोपड्याकडच्या केळीच्या बागेत आणू, कारण तिथे ती जास्त बोचते. पहाटे मालक चौकात येतो. मजूर उभे असतातच. दिवसभराचा रोज ठरतो, माणसं बागेत जातात. नऊ वाजता मालक पुन्हा चौकात येतो, आणखी काही जण नेतो. त्यांच्याशी आकडा ठरत नाही, वाजवी काय ते देईन म्हणतो. बाराला येतो, तीनला येतो. आणि दिवस मावळायला तासभर उरलेला असताना, पाच वाजता, पुन्हा येतो. अजून काही जण उभेच. मालक विचारतो, दिवसभर इथे रिकामे का? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही.

ज्याने कधी मजूर अड्डा पाहिला आहे त्याला ठाऊक असतं, पाच वाजेपर्यंत उरतं कोण. म्हातारा, लंगडणारा, अंगात ताप असलेला, ज्याला मुकडदम हाताने बाजूला सारतो तो. गोष्टीत हे सांगितलेलं नाही, पण चौकात उभं राहिलं की कळतं.

संध्याकाळी हिशोब होतो. मालक कारभाऱ्याला सांगतो, शेवटी आलेल्यांपासून सुरुवात कर. त्यांच्या हातावर पडतो दिवसाचा पुरा रोज. दिवसभर घड वाहिलेले लोक ते बघतात आणि मनात आकडे मांडायला लागतात. त्यांची पाळी येते, तर त्यांनाही तेवढाच. ठरलेला. एक पै जास्त नाही. मग व्हायचं तेच होतं. पहाटेपासून उन्हात राबलो आम्ही, हाई काय न्याय शे?

या गोष्टीतला पैसे वाटण्याचा क्रम विलक्षण आहे. मालकाने आधी पहाटेवाल्यांना चुकतं केलं असतं तर ते खुशीत घरी गेले असते, पुढचं काही त्यांना कळलंही नसतं. गोष्ट सांगणाऱ्याने त्यांना मुद्दाम थांबवून ठेवलं आहे. त्यांना ते दृश्य दाखवायचंच होतं. त्यांच्यावर अन्याय झालेला नाही, ठरलं तेवढं मिळालं आहे. दुखलं ते दुसऱ्याला मिळालेलं बघून. मालक तेच विचारतो: माझ्या पैशाने मी उदार झालो, ते तुझ्या डोळ्यांत खुपतं का? कृपा म्हणजे गोड-गोड काही असतं, असं वाटणाऱ्याने ही गोष्ट पुन्हा वाचावी. कष्टाळू, नेक, वेळेवर येणाऱ्या माणसाला ती चीड आणते. आणि सगळ्या धर्मांचा कणा तर असलीच माणसं असतात.

खानदेशाला ही चीड नवी नाही. तापी आणि पूर्णा जिथे मिळतात तिथे चांगदेव नावाचं गाव आहे, चांगदेवाचं जुनं दगडी मंदिर आहे. कथा सगळ्यांना पाठ असते. चौदाशे वर्षं तप केलेला योगी, वाघावर बसणारा, हातात सापाचा चाबूक. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला तर मायना सुचेना. वयाने मोठा म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने लहान म्हणून नमस्कार? शेवटी कोरा कागद पाठवला. मुक्ताबाईने तो पाहून हसून म्हटलं, एवढी वर्षं तप करून हा कोराच राहिला. ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर धाडलं, तीच चांगदेव पासष्टी. आणि गुरू म्हणून चांगदेवाच्या वाट्याला आली ती मुक्ताबाई, वयाने पोरच. तिचं स्थान तिथून जवळच, कोथळी-मेहूणला. 1297 मध्ये तापीकाठी वीज कडाडली आणि ती दिसेनाशी झाली, असं परंपरा सांगते. पूर्वीचं एदलाबाद आज तिच्या नावाने मुक्ताईनगर झालं आहे. चौदाशे वर्षांच्या तपाला जे साधलं नाही ते एका मुलीकडून पदरात पडलं, आणि ते घेण्यासाठी चांगदेवाला करायचं एवढंच होतं की वाघावरून खाली उतरायचं. ज्या मुलखात हे ऐकत माणूस लहानाचा मोठा होतो, तिथे पौलाचं पत्र परकं वाटायचं कारण नाही.

एक फरक तेवढा लक्षात ठेवायला हवा. ख्रिस्ती विचारात कृपा घेणाऱ्याला फुकट असते, देणाऱ्याला नसते. तिची किंमत कुणीतरी मोजलेली आहे, आणि ती कुठे मोजली गेली ते गुड फ्रायडेला सांगितलं जातं. क्रूसावरचा मृत्यू हा तो खर्च. लेंटची सगळी वाट त्या शुक्रवाराकडे जाते. चाळीस दिवस माणूस स्वतःचं काही जमवत नसतो, दुसऱ्याने आपल्यासाठी काय मोजलं त्याच्याकडे बघत चाललेला असतो.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये पेलागियस नावाचा ब्रिटनकडचा एक तपस्वी होता. माणूस सरळ, शिस्तीचा. त्याला उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याची एक प्रार्थना खटकली. देवा, तू आज्ञा कर आणि ती पाळण्याचं बळही तूच दे, अशा अर्थाची. पेलागियस म्हणाला, सगळं देवानेच द्यायचं तर माणूस हात-पाय का हलवील? देवाने बुद्धी दिली, इच्छा दिली, आता चांगलं वागणं आपल्या हातात. मला हा पेलागियस आवडतो. आपल्यातल्या बहुतेकांचं रोजचं मत तेच असतं. पण 418 च्या कार्थेज परिषदेत त्याची मतं नाकारली गेली, आणि आपल्या इच्छेलाही आधी देवाचा हात लागावा लागतो हे ऑगस्टीनचं म्हणणं पश्चिमेच्या ख्रिस्ती विचाराचा पाया झालं. गंमत अशी की दक्षिण भारतात श्रीवैष्णवांमध्ये पुढे याच मुद्द्यावर दोन पंथ पडले. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, मांजरीच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते. भक्ताने यांतलं कोणतं व्हावं? वेदान्त देशिकांचा पंथ एकीकडे, पिळ्ळै लोकाचार्यांचा दुसरीकडे. जर्मन अभ्यासक रुडॉल्फ ओटो हे साम्य बघून इतका चकित झाला की त्याने 1930 मध्ये भारतातला कृपाधर्म आणि ख्रिस्ती धर्म यांवर एक पुस्तकच लिहिलं.

उपास आणि कृपा यांची समोरासमोर टक्कर व्हायला मात्र 1522 साल उजाडावं लागलं, आणि ती झाली सॉसेजवरून. स्वित्झर्लंडमधलं झुरिच शहर. लेंटचा पहिला रविवार, 9 मार्च. ख्रिस्टोफ फ्रोशाउअर नावाच्या मुद्रकाकडे कामाचा डोंगर पडलेला. फ्रँकफुर्टच्या जत्रेआधी पुस्तक छापून व्हायला हवं होतं, आणि पुस्तक होतं पौलाच्या पत्रांचं. कामगार रात्रंदिवस खपत होते. त्याने त्यांच्यापुढे सॉसेज कापून ठेवली. लेंटमध्ये मांस खाणं तेव्हा गुन्हा होता. त्या घरात हुल्ड्राइख झ्विंगली हा धर्मगुरूही हजर होता. त्याने स्वतः तुकडा तोंडात घातला नाही, पण दोन आठवड्यांनी व्यासपीठावरून उघड सांगितलं की काय खावं नि काय नाही याने देव मिळत नाही. उपास करायचा तर खुशाल करा, दुसऱ्यावर लादू नका. फ्रोशाउअरला नगर परिषदेपुढे जाब द्यावा लागला. कृपा फुकट आहे असं सांगणारी पत्रं छापता छापता कामगारांनी उपास मोडला, याहून चोख प्रसंग एखाद्या नाटककारालाही सुचला नसता.

त्याआधी पाच वर्षं, 1517 मध्ये, जर्मनीत मार्टिन ल्यूथरने पापक्षमेची पत्रकं विकण्याविरुद्ध आवाज उठवला होता. तो स्वतः मठात असताना उपास-जागरणांनी शरीर झिजवून बसलेला. एवढं करूनही देव प्रसन्न झाला की नाही याची खात्री पटेना, आणि ते भय पौलाचं पत्र वाचतानाच सुटलं. पुढे युरोपात या प्रश्नावरून रक्त सांडलं. ल्यूथरन आणि कॅथलिक पंथांनी कृपेविषयीचं आपलं म्हणणं मुळात एकच आहे अशा संयुक्त निवेदनावर सह्या केल्या त्या 31 ऑक्टोबर 1999 ला, आउग्सबुर्ग शहरात. तोवर 482 वर्षं गेली होती.

खानदेशात आलेल्या प्रोटेस्टंट मिशनांचं गोत्र या बंडखोरांकडे जातं. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या पट्ट्यात काम केलं ते अलायन्स मिशनने, ज्याची मुहूर्तमेढ ए. बी. सिम्प्सन यांनी 1887 मध्ये अमेरिकेत रोवली. नंदुरबार-नवापूरच्या आदिवासी मुलखात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं आली, ते मिशन 1890 मध्ये स्थापणारा फ्रेडरिक फ्रान्सन हा स्वीडनमध्ये जन्मलेला फिरस्ता प्रचारक. या मंडळींच्या लेखी राख, झावळ्या आणि चाळीस दिवसांच्या मोजणीला फारसं महत्त्व नव्हतं. त्यांच्या प्रवचनाचा सारा भर फुकट मिळणाऱ्या तारणावर. म्हणून आजही खानदेशात एका चर्चमध्ये राखेचा बुधवार गंभीरपणे पाळलेला दिसेल, आणि शेजारच्या मंडळीत त्या दिवशी काही विशेष नसेल. कृपेवरचं प्रवचन मात्र दोन्हीकडे ऐकायला मिळेल.

फुकट देणगीचा हा संदेश आला तोही अशा काळात, जेव्हा धान्य फुकट वाटलं जात होतं. 1899-1900 चा दुष्काळ, संवत् 1956 मधला, म्हणून छप्पनचा. भिल्ल वस्त्यांची त्यात दैना झाली. मिशनांनी अन्न दिलं, अनाथ मुलं सांभाळली, आणि पुढे बाप्तिस्मेही दिले. भाकरीच्या बदल्यात धर्म घेतला, हा आरोप तेव्हापासूनचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. देणगीला अट चिकटली की ती देणगी उरत नाही, हे तर त्यांचंच शास्त्र सांगतं. या प्रश्नाला एकच सरसकट उत्तर नाही. कुणी भुकेपोटी आलं असेल, कुणी माणूस म्हणून पहिल्यांदा कुणी जवळ बसवलं म्हणून आलं असेल.

दुष्काळ आणि पुण्य यांचा हिशोब पंडिता रमाबाईंइतका कुणीच चुकता केला नसेल. वडील अनंतशास्त्री डोंगरे सारं कुटुंब घेऊन तीर्थोतीर्थी पायी फिरले. पुराणं सांगितली, उपास-व्रतं केली, जवळचं होतं नव्हतं ते दानात घातलं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात हातात काहीच उरलं नाही, आणि आई-वडील अन्नाविना गेले. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये, वाँटेजला झाला. आपली कहाणी त्यांनी 1907 मध्ये लिहिली, आणि तीत एक गोष्ट अशी कबूल केली की वाचणारा थबकतो. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं की आपण ख्रिस्ती धर्म गाठला, ख्रिस्त गाठलाच नाही. इतकी वर्षं त्यांनी नवा धर्मही जुन्या रीतीने पाळला होता. नियम पाळायचे, योग्य मतं धरायची, लायक व्हायचं. लायक न होताही स्वीकारलं जातं हे कळल्यावर त्यांचं ओझं उतरलं. मग स्वस्थ बसल्या का? केडगावचं मुक्ती मिशन उभं केलं, शेकडो दुष्काळग्रस्त मुली-बायका आणून सांभाळल्या, बायबलचं मराठी भाषांतर आयुष्याच्या अखेरपर्यंत करत राहिल्या. फुकट मिळालं की माणूस आळशी होतो, या पेलागियसच्या भीतीला याहून मोठा अपवाद शोधून सापडणार नाही.

असं फुकट देण्याचा जळगावचा स्वतःचा प्रसंग आहे, तोही 1907 चाच. त्या साली इथे महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावात जन्मलेला सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोमरे तिथे उभा राहिला, कविता म्हणाला, आणि ‘बालकवी’ हे नाव घेऊन खाली बसला. संमेलनाला रेव्हरंड नारायण वामन टिळक आले होते. या मुलाला पुढे त्यांच्या नगरच्या घरात जागा मिळाली आणि तो काही काळ घरचाच होऊन राहिला. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या घराची वर्दळ दिसते. पोरकी मुलं, पाहुणे, आजारी माणसं, कवी. घरात पैसा कधी टिकत नसे. ठोमरे हिंदू म्हणून आला आणि हिंदूच राहिला. टिळकांसारखा धर्मप्रसाराची तळमळ असलेला माणूस, त्याच्याच छपराखाली हा मुलगा जेवत होता, लिहीत होता, आणि त्याबद्दल त्याच्याकडून काही वसूल केलं गेलं नाही. 5 मे 1918 ला जळगावजवळ भादली स्टेशनपाशी रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय सत्तावीस.

टिळकांना तरी पहिली देणगी कुणाकडून मिळाली होती? बाप्तिस्म्याआधी दोनेक वर्षं ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक गोरा प्रवासी होता. त्याने जागा करून दिली, गप्पा झाल्या, कवितेवर, धर्मावर. उतरताना त्याने टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली आणि हे वाचत राहिलात तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांनी वाचायला घेतलं, डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथेच अडकले. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो प्रवासी त्यांना पुन्हा कधी भेटला नाही. कुणाचे आभार मानायचे हेसुद्धा कळू न देता दिलेली देणगी! 1917 मध्ये टिळकांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धरली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. फुकट मिळालेल्या गोष्टीचा प्रचार पगार घेऊन करणं त्यांना खटकू लागलं असावं, असा माझा अंदाज.

आता उपासाकडे परत येऊ. कृपा फुकट असेल तर कसंही वागावं, शेवटी माफी आहेच, हा युक्तिवाद पौलाच्या काळातच निघाला होता आणि त्याने तो संतापून फेटाळला. विसाव्या शतकात डिट्रिश बोनहोफर या जर्मन पाद्र्याने 1937 च्या आपल्या पुस्तकात त्याला स्वस्त कृपा असं नाव दिलं. पश्चात्ताप नको, बदल नको, नुसती क्षमा हवी, ती स्वस्त कृपा. नाझी राजवटीपुढे मान तुकवणाऱ्या चर्चला तो हे सुनावत होता. 9 एप्रिल 1945 ला नाझींनी त्याला फासावर चढवलं, ईस्टर होऊन आठच दिवस झाले होते.

म्हणजे उपासाचं काम कमाईचं नाही. एक चहा सोडून बघा. तिसऱ्या दिवशी डोकं दुखतं, पाचव्या दिवशी घरच्यांवर खेकसतो, आठव्या दिवशी कुणी बघत नाहीसं पाहून अर्धा कप घशाखाली जातो. आपण स्वतःला जेवढे खंबीर समजत होतो तेवढे नाही, हे एवढ्याशा गोष्टीतून कळतं. लेंटमध्ये असं मोडणं अपेक्षितच असतं. पुण्याची रास घालायला निघालेला माणूस चाळीस दिवसांत रिकाम्या हातांनी उभा राहतो, आणि घेण्यासाठी हात रिकामेच लागतात. ज्याचा उपास बिनचूक पार पडतो त्याचीच मला जास्त काळजी वाटते. तो ईस्टरला पहाटेच्या मजुरासारखा हिशोब मागायला यायचा.

शिस्तीच्या शेवटी कृपाच, हे खानदेशाने आणखी एकदा ऐकलं आहे. 1932 चा लेंट चालू होता तेव्हा धुळ्याच्या तुरुंगात विनोबा कैद्यांसमोर गीतेवर बोलत होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी एक अध्याय, अठरा रविवारांत अठरा अध्याय. साने गुरुजी ते उतरवून घेत होते. त्यातला सहावा रविवार 27 मार्चचा, ईस्टरचा. त्या दिवशी ध्यानयोगाचा अध्याय होता, शिस्तीचा, मितआहाराचा, अभ्यासाचा. फळ सोडून कर्म करण्यावर महिनोन्‌महिने बोलून झाल्यावर अठराव्या अध्यायाला विनोबा पोचले, तेव्हा फलत्यागाची पूर्णता म्हणून त्यांनी नाव घेतलं ते ईश्वर-प्रसादाचं. पुढे त्यांनी बायबलमधल्या वेच्यांचं ‘ख्रिस्तधर्म-सार’ही काढलं.

ईस्टरला चर्च काय करतं ते पाहिलं की कोड्याचा उलगडा होतो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये दरवर्षी ईस्टरच्या उपासनेत एक जुनं प्रवचन वाचतात. ते योहान क्रिसोस्तमच्या नावावर आहे, जो 407 मध्ये वारला. त्यात सगळा लेंट कडकडीत पाळलेल्यांना मेजवानीला बोलावलं आहे. मग तिसऱ्या तासाला आलेल्यांना, सहाव्या, नवव्या तासाला आलेल्यांना, अगदी दिवस मावळताना पोचलेल्यांनाही, म्हणजे तेच चौकातले मजूर. आणि ज्यांनी उपास केलाच नाही, त्यांनाही. पान वाढलेलं आहे, सर्वांनी बसावं. सात आठवडे तेल, दूध, मांस सोडलेला माणूस आणि काल रात्रीपर्यंत भरपेट जेवलेला माणूस एकाच पंगतीला, शेजारी शेजारी, आणि पहिल्याच्या ताटात जास्तीचं काही नाही.